एकोणिसावा थर

ऐतिहासिक वास्तूंच्या नोंदणीसाठी अर्ज

रकाना १: वास्तूचे नाव

कॉर्ली ब्लफ ट्रेनिंग स्कूल, धंदेशिक्षणाची इमारत. आम्ही तिला 'शॉप' म्हणायचो. अजूनही तेच म्हणतो.

रकाना २: बांधकामाचे वर्ष

१९५६ ते १९५८. मधल्या हिवाळ्यात कौंटीकडून, म्हणजे जिल्ह्याच्या कारभाऱ्यांकडून, सिमेंट आलं नाही, नाहीतर वर्षभरात उभी राहिली असती.

रकाना ३: वास्तुविशारद / बांधणारा

इथे 'अज्ञात' असं आधीच छापून आलं होतं. मी ते खोडलंय. खाडाखोड चालत नसेल तर दुसरा अर्ज पाठवा, त्यावरही खोडेन.

नकाशा: प्रोफेसर आयसम रेंबर्ट. गवंडीकाम आणि सुतारकाम शिकवायचे. भूमितीही शिकवायचे, पण ते कौंटीला ठाऊक नव्हतं. बांधणारे: नववी ते बारावीचे विद्यार्थी.

रकान्यात दोनच ओळी आहेत आणि मुलगे एकसष्ट होते. उरलेलं सोबतच्या कागदांवर.

सोबतचा कागद, पहिला

मी व्हर्नेटा ब्राउटन. वय ब्याऐंशी. शिवणकामाचा वर्ग, १९६०. माजी विद्यार्थी संघाची चिटणीस मी आहे, कारण माझं अक्षर बरं आहे आणि बाकीच्यांचे हात थरथरतात.

शाळा आमची होती, म्हणजे काळ्या मुलांची. गोऱ्या मुलांची रुळांच्या पलीकडे. तिकडे एखादी वस्तू जुनी झाली की इकडे यायची. पुस्तकांत दुसऱ्यांची नावं असायची. लाकूड कातायचं यंत्र आलं त्याला पट्टाच नव्हता, तर मुलींनी तीन पदरी कॅनव्हासचा पट्टा शिवला. तो चार वर्षं चालला.

कौंटीचं म्हणणं सोपं होतं. मुलींना स्वयंपाक शिकवा, मुलग्यांना फावडं धरायला शिकवा, त्याला इमारत कशाला लागते? प्रोफेसरांनी वाद घातला नाही. नदीकाठची कापसाची गिरणी तेव्हा कौंटी पाडत होती. ते म्हणाले, "इमारत नको तर नको. त्या जुन्या विटा द्या, पोरांच्या सरावाला."

सरावाची भिंत बांधायची आणि दुसऱ्या दिवशी पाडायची, अशी पद्धत असते. विटा पुन्हा कामाला येतात. कौंटीनं अकरा ट्रक विटा टाकल्या. जुना चुना झाडायला आम्ही मुली होतो, माझ्या डाव्या अंगठ्याचं नख अजून वाकडं आहे. मग सराव सुरू झाला. प्रोफेसरांनी एकही भिंत पाडायला लावली नाही.

कौंटीचा माणूस महिन्यातून एकदा यायचा. "अजून सरावच?" असं विचारायचा.

"हो साहेब. पोरं जरा मठ्ठ आहेत, वेळ लागतोय," प्रोफेसर म्हणायचे.

पोरं भिंतीमागे तोंडात रुमाल कोंबून हसायची. दर महिन्याला भिंत दोन फूट उंच झालेली असायची आणि त्या माणसाला ती दिसायची नाही. की दिसत होती आणि तो गप्प बसला? असेल तर त्याचेही आभार. नाव विसरले.

रकाना ४: साहित्य व रचना

भाजलेली वीट, जुनी. दर्जा, म्हणजे दोन विटांमधल्या सिमेंटच्या मालाच्या फटी, अर्ध्या इंचाच्या, कारण जुन्या विटा एकसारख्या नसतात, त्यांना सांभाळून घ्यायला माल जास्त लागतो. उत्तरेला छतापर्यंत खिडक्या: वीज सात दिव्यांपुरती होती, बाकीचं काम आकाशाच्या उजेडात करायचं. छताच्या लाकडी कैच्या, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटी, मुलांनी जेवणघराच्या फरशीवर खडूनं पूर्ण मापाच्या आखल्या. त्या आठवड्यात सगळी शाळा बाहेर उभ्यानं जेवली आणि आत कोणी पाऊल टाकलं नाही. कैच्या आजही सरळ आहेत. जाऊन बघा.

१९७० साली शाळा एक झाल्या. म्हणजे आमची मुलं तिकडे गेली, तिकडून इकडे कोणी आलं नाही. आमच्या दाराला कुलूप लागलं. शॉपमध्ये कौंटीनं बसगाड्यांचे सुटे भाग ठेवले. दक्षिणेच्या भिंतीला लागून माल उतरवायला चार फूट उंच फळ्यांचा ओटा केला आणि वरून छतापर्यंत पत्रा ठोकला. ओटा आणि पत्रा यांच्यामध्ये भिंतीचा वीतभर पट्टा उघडा राहिला. तीन थर.

सगळं या तीन थरांवरून घडलं.

रकाना ५: सध्याची स्थिती

कौंटीच्या अभियंत्याचा अहवाल जोडला आहे. मिस्टर हटो. तरुण आहे, नम्र आहे. त्यातलं हे वाक्य: 'दक्षिण भिंत मध्यभागी तीन सूत खचलेली आढळली. पाया बसत असण्याची शक्यता. वास्तू धोकादायक. पाडावी.'

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे तीन सूत अर्धा इंचही नाही. तेवढ्यावर इमारत पाडतात का? कौंटीला कोर्टासाठी गाड्या लावायला जागा हवी असेल तर पाडतात. चौदा मेला कौंटीच्या पाच आयुक्तांचं मतदान ठरलं.

सोबतचा कागद, दुसरा

माझा नवरा एझेल ब्राउटन. वय त्र्याऐंशी, माउंट नेबो चर्चचा डीकन (पाद्रीबुवांचा मदतनीस), या कौंटीतली अर्धी धुराडी आणि सगळ्या चांगल्या पायऱ्या त्याच्या हातच्या. गावात त्याला 'डीकन ओळंबा' म्हणतात, भिंत सरळ आहे का बघायच्या दोरी-वजनावरून. दुसऱ्याच्या घरी जेवायला गेला तरी आधी भिंतीला गाल लावून एक डोळा मिटून बघतो. मला लाज वाटते, त्याला वाटत नाही.

अहवाल मी त्याला वाचून दाखवला. वाटलं, उसळेल. म्हणेल, त्या हटोला पाणसळ तरी धरता येते का? तो उठून बाहेर गेला. जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, आणि मी भेंडी केली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी कॉफी घेऊन बाहेर आले तर अंगणातल्या दोन पेकान झाडांमध्ये त्यानं दोरी ताणली होती.

"कपडे वाळत घालायचेत? घरात यंत्र आहे."

"मधे बघ."

"दोरी आहे."

"झोळ बघ, व्हर्नेटा."

बघितला. नखाएवढा असेल.

"विटांचा थर दोरी धरून लावतात. चाळीस फुटांची दोरी कितीही ताणा, मधे झोळ पडतोच," तो म्हणाला. "म्हणून मधोमध एक वीट बरोबर उंचीला बसवायची आणि दोरी तिच्यावरून न्यायची. पहिल्या आठवड्यात शिकवतात."

"बरं मग?"

"मी ती वीट बसवली नाही."

"आज?"

"सत्तावन साली."

मी कॉफी खाली ठेवली.

"म्हणजे भिंत खचलेली नाही?"

"जन्मापासून तशीच आहे. एकोणिसावा थर. मीच लावला, झोळाच्या दोरीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. लागेपर्यंत मला कळलंही नाही."

"लग्नाला साठ वर्षं झाली आणि मला आज सांगतोस?"

"काय सांगणार होतो? ओळंब्याची भिंत वाकडी?"

"एझेल, वीट विसरणारा माणूस तू नाहीस. मिठाच्या भांड्याची जागा दोन बोटं हलली तरी तुला कळतं."

तो दोरीला बोट लावून उभा राहिला. मग म्हणाला, "मे महिन्याची पहिली तारीख होती. मैदानात तुमचा फितींचा खांब."

दरवर्षी त्या दिवशी शाळेत मेळा असायचा. उंच खांबाला रंगीत फिती बांधायच्या आणि मुलींनी गोल नाचत त्या विणायच्या. कागदी झगे आम्हीच शिवलेले. सगळा गाव बघायला यायचा, फक्त गवंडीकामाच्या मुलांना सुट्टी नसायची, कारण माल कालवला की थांबत नाही.

"भिंत छातीपर्यंत आली होती," तो म्हणाला. "आतून उभं राहून लावत होतो, तोंड मैदानाकडे. आणखी पाच-सहा थर वर गेले असते तर मला काही दिसलंच नसतं."

माझा राग कुठे गेला कळलं नाही. ब्याऐंशी वर्षांच्या बाईनं लाजू नये, पण.

"माझ्याकडे बघत होतास?"

"निळी फीत," तो म्हणाला. "काय फिरत होती ती निळी फीत."

"निळी?"

"हं."

"माझी पिवळी होती."

पेकानवर एक पक्षी दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज काढत होता.

"निळी थिओडोशिया पिंकनीची," मी म्हणाले.

"असेल."

"असेल नाही. होती."

"तू त्या वर्षी फार बारीक होतीस," तो म्हणाला. यानं काय सुधारलं ते त्यालाच ठाऊक.

सोबतचा कागद, दुसरा, मागची बाजू

उरलेलं त्यानं न्याहारीला सांगितलं. दोन दिवसांची भूक होती, सांगता सांगता चार अंडी खाल्ली.

त्या संध्याकाळी प्रोफेसर भिंतीपाशी आले. गाल लावला, एक डोळा मिटला. (ही खोड कुठून आली ते मला त्या सकाळी कळलं.) एझेलनं थापी उलटी धरली होती, थर उचकटायला.

"ठेव खाली," प्रोफेसर म्हणाले.

"माल ओला आहे, प्रोफेसर. निघेल."

"उद्या कौंटीचा माणूस येतोय. उचकटलेली भिंत दिसली तर म्हणेल, झाला ना सराव, आता सगळीच पाडा. आपल्याला पाडता येत नाही, ब्राउटन. आपल्याला फक्त वर जाता येतं."

"मग हा थर?"

"राहील. पुढचे सहा थर तू एकटा लावायचेस. दर थराला मधे अर्धं सूत माल जास्त. एकदम सावरलंस तर डोळ्याला दिसेल. पंचविसाव्या थराला मी पाणसळ ठेवीन."

पाच दिवस लागले. पंचविसाव्या थरावर प्रोफेसरांनी पाणसळ ठेवली, बुडबुडा मधे येऊन थांबला. ते एवढंच म्हणाले, "आता मधली वीट विसरणार नाहीस." वर्गात त्यांनी कधी अक्षर काढलं नाही. शाळा संपल्यावर मोठ्या शहरातल्या ठेकेदाराला चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी एझेलच्या बायबलमध्ये आहे. मी शंभरदा वाचली होती आणि मला ती नेहमी कंजूष वाटायची: 'हा मुलगा चूक सावरतो. काम द्या.'

"मग जा आणि सांग हटोला," मी म्हणाले. "फळ्या काढा म्हणावं. खालचे अठरा थर सरळ दिसले की झालं."

"हटोला सांगता येईल."

"मग अडलंय कुठे?"

"क्लिओफस," तो म्हणाला आणि ताट सरकवलं.

क्लिओफस विगफॉल आमच्या संघाचा अध्यक्ष. एझेलहून सात वर्षांनी लहान, त्याच्याच हाताखाली गवंडी झाला. अडुसष्ट साली चर्चच्या पायऱ्यांच्या कठड्याची भिंत क्लिओफसनं दुपारभर खपून उभी केली होती. त्याची होणारी बायको सरबत घेऊन आली होती, बाजूला उभी होती. एझेलनं गाल लावला आणि म्हणाला, "एक सूत बाहेर आहे. पाड." तिच्यासमोर. क्लिओफसनं पाडली. त्यानंतर तो एझेलला 'डीकन' म्हणतो, नावानं कधी हाक मारत नाही.

"एका सुतासाठी," एझेल म्हणाला. "माझं स्वतःचं तीन सुतांचं तिथे भिंतीत होतं, आणि मी त्याला एका सुतासाठी पाडायला लावलं. आणि तो एकटाच नाही. पन्नास पोरं असतील. प्रोफेसरांनी मला पाडायला लावलं नाही आणि मी सगळ्यांना लावलं."

मी त्याचं ताट उचललं. शनिवारी संघाची बैठक होती. चौदा मेला आठ दिवस उरले होते.

सोबतचा कागद, तिसरा: बैठकीचा वृत्तांत (चिटणिसानं लिहिलेला)

स्थळ: माउंट नेबोचं तळघर. हजर: एकोणीस, चर्चच्या रीतीनं सगळे एकमेकांचे ब्रदर आणि सिस्टर. तळलेला मासा, लाल भात, सिस्टर ओझेलाची रताळ्याचं सारण भरून भाजलेली गोड 'पाय', जिला या वेळी साखर कमी होती आणि ते सगळ्यांनी तिला सांगितलं.

अध्यक्ष ब्रदर विगफॉल यांनी अहवाल वाचला. म्हणाले, दुसरा अभियंता आणायला वेळ नाही. निदान पाडण्याआधी एक फोटो काढून घेऊ, सगळे भिंतीसमोर उभे राहून.

डीकन ब्राउटन उठले.

"फोटो नको," ते म्हणाले. "भिंत खचलेली नाही. ती वाकडी मी लावली."

माझ्या शेजारी कोणाचा तरी काटा ताटावर पडला. मग त्यांनी सगळं सांगितलं. दोरी, वीट, थर. खांबाचंही सांगितलं. फितीचा रंग त्यांनी सांगितला नाही, तो मी सांगितला.

हसणं इतकं झालं की वरून पाद्रीबुवा जिन्यात येऊन उभे राहिले. "थिओडोशियाला काय नाचता यायचं!" सिस्टर ओझेला डोळे पुसत म्हणाली. "बिचारी. पंधरा वर्षं झाली गेल्याला. तिला कळायला हवं होतं, तिनं भिंत वाकवली!" कोणीतरी ओरडलं, "ओळंबा, आता तुला पेंडुलम म्हणायचं!" माझा नवरा हात खाली सोडून उभा होता. हसू संपायची वाट बघत होता.

फक्त ब्रदर विगफॉल हसले नव्हते.

"माझं एक सूत होतं, डीकन," ते म्हणाले.

"हो."

"तुमचं तीन."

"हो."

"आणि तुम्हाला कोणी पाडायला लावलं नाही."

"नाही. मला सावरायला शिकवलं. ते मी तुला शिकवायला हवं होतं, आणि मी तुला नुसतं पाडायला शिकवलं. तुझं चुकलं नव्हतं, क्लिओफस. माझं चुकलं. मला माफ कर."

वृत्तांतात शांतता लिहायची पद्धत नाही. लिहिते: शांतता झाली.

"ते सरबत," ब्रदर विगफॉल शेवटी म्हणाले, "तिनं तुम्हालाही दिलं होतं. मला त्याचाच जास्त राग आला होता." मग त्यांनी अहवालाची घडी केली. "माफीचं बघू. आधी सांगा, पहार कोणाकडे आहे?"

ठराव: मिस्टर हटोला बोलवावं. एकमतानं मंजूर.

रकाना ५, पुढे चालू

मंगळवारी सकाळी हटो आला. म्हणाला, "मॅडम, मला जेवढं दिसलं तेवढंच मी लिहिलं. जास्त दाखवाल तर जास्त लिहीन." हे त्याच्या बाजूनं मी नोंदवून ठेवते.

ओट्याच्या फळ्या त्याच्याच माणसांनी काढल्या. पन्नास वर्षांची धूळ आणि एक मेलेला उंदीर बाहेर आला. आत अठरा थर. हटोनं तिपाईवर यंत्र लावलं, लाल ठिपका या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला. अठराही थर सपाट. मग पत्रा उतरवला.

एझेलला गुडघे वाकवता येत नाहीत. क्लिओफसनं त्याला काखेत धरून भिंतीपाशी नेलं. एझेलनं हटोचा हात घेतला, बोट एकोणिसाव्या थराच्या खालच्या दर्जेत ठेवलं. कडेला अर्धा इंच, मधे येईपर्यंत जेमतेम एक सूत. मग वरची दर्ज, मधे जाड. त्याच्या वरची, जाड. पंचविसाव्या थराला ठिपका पुन्हा सरळ.

"खचली असती तर खालचे थरही गेले असते," हटो म्हणाला, जास्त करून स्वतःशी.

"आणि वरचेही," एझेल म्हणाला.

"हे वरचे सहा कोणी लावले?"

"मीच. सोळा वर्षांचा होतो."

हटोनं पुन्हा बोट फिरवलं, खाली, वर, सहाही दर्जांवरून. "सर, आमच्या कॉलेजात हे शिकवलं नाही," तो म्हणाला.

"आमच्या शाळेतही शिकवायचं नव्हतं," एझेल म्हणाला. "कौंटीला वाटत होतं आम्ही सराव करतोय."

क्लिओफस तेवढ्यात भिंतीला गाल लावून, एक डोळा मिटून उभा होता. बराच वेळ. मग मागे न बघता म्हणाला, "पंचविसावा सुंदर आहे, एझेल."

छप्पन्न वर्षांनी नावानं हाक मारली. माझ्या नवऱ्यानं नाक पुसलं आणि धुळीला दोष दिला.

हटोचा दुसरा अहवाल जोडला आहे. चौदा मेला आयुक्तांनी चार विरुद्ध एक मतांनी शॉप ठेवलं. गाड्या दुसरीकडे लागतील.

रकाना ६: वास्तूचे महत्त्व (एका वाक्यात)

एका वाक्यात सांगायचं तर प्रोफेसर आयसम रेंबर्ट यांनी कौंटीला आम्ही मठ्ठ असल्याचं सांगितलं आणि त्या आडोशाला आम्हाला सगळं शिकवलं, त्याबद्दल आम्ही हयात असलेले एकोणीस आणि नसलेले सगळे त्यांचे ऋणी आहोत.

रकाना ७: बांधणाऱ्यांची नावे

एकसष्ट नावं वेगळ्या कागदावर. विटा झाडणाऱ्या चौतीस मुलींची नावं त्याच कागदावर, त्याच आकाराच्या अक्षरांत. थिओडोशिया पिंकनीनं विटा झाडल्या नाहीत, तिला धुळीचा त्रास होता. तरी तिचं नाव मी घातलंय.

रकाना ८: दोष आणि सुचवलेली दुरुस्ती

दोष: दक्षिण भिंत, एकोणिसावा थर, मध्यभागी तीन सूत. दिनांक १ मे १९५७. कारण: निळी फीत.

दुरुस्ती: थर वीस ते पंचवीस, दर थराला अर्धं सूत. त्याच महिन्यात पूर्ण. पुन्हा करू नये.